अकरा जणांचे सव्वा लाख कोटी संघ

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या बॉर्डर-गावसकर मालिकेसाठी भारताने जो संघ जाहीर केला, त्यात नावं होती १८. मैदानात उतरणार ११. म्हणजे सात जणांना बाहेर बसवायचं, एवढंच काम. पण अठरांतून अकरा किती प्रकारे निवडता येतील याचा हिशेब मांडला, की उत्तर येतं ३१,८२४. हे झालं फक्त ‘कोण खेळणार’ याचं. ‘कोण कितव्या नंबरवर जाणार’ हेही त्यात धरलं, तर आकडा होतो १२,७०,३१,२२,४३,२००. सव्वा लाख कोटींच्याही वर.

कर्णधार आणि प्रशिक्षकाने जेवण-झोप सोडून दर सेकंदाला एक यादी तपासायची ठरवली, तर सगळ्या याद्या संपायला चाळीस हजार वर्षं लागतील. पहिला कसोटी सामना झाला तो १८७७ साली. आणि हातात वेळ असतो नाणेफेकीपर्यंतचा.

ही आकडेमोड काही कालची नाही. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. तिथे प्रश्न घातलाय, की शंभूच्या दहा हातांतली पाश, अंकुश, सर्प, डमरू अशी दहा आयुधं आपसांत बदलली, तर मूर्तीची किती रूपं होतील? विष्णूच्या चार हातांतली शंख, चक्र, गदा, पद्म बदलली तर किती? विष्णूची होतात २४ आणि शंभूची ३६,२८,८००. एवढ्यावरच थांबू नका, आणखी एक हात जोडा. अकरा हात, अकरा आयुधं. रूपं होतात ३,९९,१६,८००. ठरलेल्या अकरा खेळाडूंच्या फलंदाजीचे क्रमही बरोबर तेवढेच. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला होता. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. म्हणजे टीम सिलेक्शनचं गणित खानदेशात आठशे वर्षांपूर्वी शिकवलं जात असणार, असं म्हणायला हरकत नाही.

आता जरा मागे जाऊ. अठरा नावं ठरली, ती कशातून? रणजी करंडकात ३८ संघ खेळतात. प्रत्येकाचे पंधरा खेळाडू धरले तरी ५७० होतात. त्यातून अठरा सोडा, नुसते पंधरा जण निवडायचे, क्रम वगैरे काही नको, म्हटलं तरी होणारा आकडा ३० अंकी आहे. आपली जुनी मोजणी एकं, दहं, शतं करत परार्धाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. इथे असे एक लाख कोटींहून जास्त परार्ध भरतात. विश्वाचं वय सेकंदांत मोजलं, तर अठरा अंकांत मावतं. तेव्हा सेकंदाला एक संघ हा हिशेब इथे सोडूनच द्यायचा.

मग पाच जणांची निवड समिती हे काम एका दुपारच्या बैठकीत कसं उरकते?

त्याचं कारण असं, की या अवाढव्य आकड्यातला जवळजवळ सगळा भाग निव्वळ कचरा असतो. तीन यष्टिरक्षक आणि आठ वेगवान गोलंदाज असा संघही त्यात धरलेला आहे. पंधरा जणांचा साधा संघ घ्या: तीन सलामीवीर, मधल्या फळीतले चार, दोन यष्टिरक्षक, फिरकी टाकणारे दोन अष्टपैलू, चार वेगवान. डोळे मिटून अकरा निवडायचे तर १,३६५ प्रकार. पण दोन सलामीवीर, मधले तीन, एक यष्टिरक्षक, दोन्ही अष्टपैलू आणि तीन वेगवान असा साचा ठरवला, की उरतात फक्त ९६. खेळपट्टीवर गवत दिसलं आणि एका फिरकीवाल्याच्या जागी चौथा वेगवान घ्यायचं ठरलं, तर ४८. दोन्ही मिळून १४४. त्यात सात-आठ नावांवर कुणाचं दुमत नसतंच. परार्धांपासून निघालेला हिशेब शेवटी एका किंवा दोन जागांवर येऊन अडतो. आपल्याकडे कट्ट्यावर, ऑफिसात, लोकलमध्ये जी भांडणं होतात, ती सगळी त्या एक-दोन जागांची.

फलंदाजीच्या क्रमाचं तसं नाही. नियमानुसार कर्णधाराला अकरा नावं नाणेफेकीपूर्वी लिहून द्यावी लागतात. क्रम मात्र कुणी लिहून मागत नाही. म्हणजे सामना सुरू झाला, तरी जवळपास चार कोटी शक्यता खिशात असतात. बुमराहला सलामीला आणि जयस्वालला अकराव्या नंबरवर पाठवणं हीसुद्धा त्यातलीच एक. हसू नका. जानेवारी १९३७ मध्ये मेलबर्नच्या ओल्या, वेड्यासारख्या वागणाऱ्या खेळपट्टीवर डॉन ब्रॅडमनने दुसऱ्या डावात ओरायली आणि फ्लीटवूड-स्मिथ हे शेपटाचे गोलंदाज सलामीला पाठवले. स्वतः सातव्या नंबरवर आला, तोवर खेळपट्टी सुकत आली होती. २७० धावा करून गेला. सामनाही ऑस्ट्रेलियाने जिंकला.

आपल्याकडचं उदाहरण तर पाठच आहे, पण पुन्हा सांगायला कंटाळा येत नाही. कोलकाता, मार्च २००१. ऑस्ट्रेलिया ४४५, भारत सर्वबाद १७१, फॉलोऑन. सहाव्या नंबरवर ५९ धावा करून लक्ष्मण शेवटी बाद झाला. पॅड सोडायच्या आतच त्याला निरोप आला, की पॅड राहू दे, आता तिसऱ्या नंबरवर जायचंय. तिसऱ्या नंबरवरचा द्रविड सहावर. अकरा तेच, खेळपट्टी तीच, समोर मॅकग्रा, गिलेस्पी, वॉर्न तेच. दोन नावांची फक्त अदलाबदल. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, भागीदारी ३७६ धावांची. चौथ्या दिवशी अख्ख्या दिवसात एकही विकेट पडली नाही आणि ३३५ धावा निघाल्या. फॉलोऑन मिळालेला संघ १७१ धावांनी जिंकला. चार कोटींतला एक क्रम, तोही आयत्या वेळी उचललेला. मला विचाराल तर भारतीय क्रिकेटमधली सर्वोत्तम निवड हीच, आणि ती निवड समितीने केलेली नाही.

त्या एक-दोन जागांकडे पुन्हा येऊ. पर्थला २०२४ च्या पहिल्या कसोटीत फिरकीसाठी जागा एकच होती. ती वॉशिंग्टन सुंदरला मिळाली. अश्विन आणि जडेजा बाहेर बसले, म्हणजे दोघांचे मिळून साडेआठशेहून जास्त कसोटी बळी पाणी न्यायला मोकळे! गावागावांत बोंब झाली. भारत पहिल्या डावात १५० धावांत गारद झाला, तेव्हा तर जास्तच. मग भारत २९५ धावांनी जिंकला आणि बोंब जिथल्या तिथे थांबली.

कधी कधी यादीच आपोआप संपत जाते. २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दुखापतींमुळे चार कसोटींत भारताला वीस खेळाडू वापरावे लागले. ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीत सिराज, सैनी, शार्दूल ठाकूर, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर या पाच गोलंदाजांच्या गाठीला मिळून आधीचे सामने होते चार. पालघरच्या शार्दूलने तर आपल्या एकुलत्या एका कसोटीत दहा चेंडू टाकून मैदान सोडलं होतं. त्याने इथे सात बळी घेतले, वर ६७ धावा. १९८८ पासून गाबावर न हरलेला ऑस्ट्रेलिया १९ जानेवारी २०२१ ला तिथे हरला. अजिंक्य रहाणेच्या हाती तेव्हा निवडायला फारसं काही उरलंच नव्हतं.

याउलट, निवडायला भरपूर माणसं असणं हेही सुख नाही. १९८९ च्या ॲशेस मालिकेत इंग्लंडने सहा कसोटींत २९ खेळाडू खेळवले, १९२१ मध्ये पाच कसोटींत ३०. दोन्ही वेळा सपाटून हरले. १९८९ च्या ऑस्ट्रेलियाला बारा पुरले.

आणि काहींच्या वाट्याला ती एक जागा कधी आलीच नाही. १९३२ च्या लॉर्ड्सपासून जुलै २०२५ च्या मँचेस्टरपर्यंत भारतासाठी कसोटी खेळलेले पुरुष आहेत ३१८. त्यात भाऊसाहेब निंबाळकर नाहीत. १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमनचा त्या वेळचा विश्वविक्रम ९ धावांवर होता, आणि प्रतिस्पर्ध्याने सामना सोडून दिला. कसोटी सामने शून्य. त्यात पद्माकर शिवलकर नाहीत, राजिंदर गोयलही नाहीत. दोघे डावखुरे फिरकी गोलंदाज, दोघांचे मिळून प्रथम श्रेणीत १,३३९ बळी. कसोटी सामने शून्य. कारण त्या काळात डावखुऱ्या फिरकीची जागा एकच होती आणि तिथे बिशनसिंग बेदी होता. शिवलकरांवर अन्याय झाला हे प्रत्येक मुंबईकर छातीठोकपणे सांगतो. बेदीला बसवायला हवं होतं, असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

म्हणून पुढच्या मालिकेचा संघ जाहीर होईल, तेव्हा ‘अमक्याला घ्यायलाच हवं होतं’ हे जरूर म्हणा. फक्त त्याच दमात कुणाला काढायचं, त्याचंही नाव घ्या.