तीन डोंगरी जिल्ह्यांचा एक सिनेटर

सिएरा नेवाडा पर्वताच्या आसऱ्याने वसलेल्या अल्पाइन, मोनो आणि इन्यो या तीन जिल्ह्यांची एकत्रित लोकसंख्या १९६० च्या खानेसुमारीत १४,२९४ भरली (त्यांत अल्पाइनची अवघी ३९७). तथापि कॅलिफोर्नियाच्या राज्य सिनेटमध्ये त्यांच्या २८व्या मतदारसंघास जी एक जागा होती, तीच एक जागा साठ लाखांहून अधिक वस्तीच्या लॉस एंजेलिस जिल्ह्यासही होती. कोणत्याही जिल्ह्यास एकाहून अधिक सिनेटर नसावा आणि एका मतदारसंघात तीनांहून अधिक जिल्हे नसावेत, हा दंडक १९२६ च्या घटनादुरुस्तीने घालून दिला होता, आणि तो बदलण्याचे प्रस्ताव १९४८, १९६० व १९६२ साली खुद्द मतदारांनीच फेटाळले.

ज्या इन्योच्या ओवेन्स खोऱ्याचे पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिसकडे वाहू लागले, त्या मुलखाच्या हाती ही जागाच काय ती उरली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या विषमतेचा निवाडा निव्वळ त्रैराशिकाने करणे मला तरी अन्याय्य वाटते. डेथ व्हॅलीलगतच्या शोशोन गावी दुकान चालविणारे, पूर्वी नायब शेरीफ असलेले चार्ल्स ब्राउन यांनी ही जागा दीर्घकाळ सांभाळली.

१९४८ साली गव्हर्नर या नात्याने या व्यवस्थेची पाठराखण करणारे अर्ल वॉरन यांनीच, पुढे सरन्यायाधीश झाल्यावर, १५ जून १९६४ रोजी अलाबामातील ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ या खटल्यात, राज्यांच्या दोन्ही सभागृहांची रचना लोकसंख्येच्याच आधारे व्हावी, असा निकाल लिहिला. आणि १९६६ च्या निवडणुकीपासून कॅलिफोर्नियातील जिल्हावार सिनेट संपुष्टात आली.