चिथावणीचा हिशेब



चिथावणीखोर लिखाण वाईट, ते लिहू नये आणि वाचूही नये, एवढेच सांगायचे असते तर त्यासाठी आपली एक संध्याकाळ खर्ची घालण्याचे कारण नव्हते. तो उपदेश आपण घरीही ऐकतो. मला आज निराळा प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. माणसांना डिवचून, भडकावून वाचक जमवणे हा एक धंदा आहे. धंदा म्हटला की त्यात भांडवल आले, नफा आला, तोटा आला आणि तो तोटा कोणाच्या तरी गळ्यात मारणेही आले. माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. त्यामुळे कोणताही धंदा समोर आला की नफा कोणाकडे जातो आणि खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हेच मी आधी पाहतो. चिथावणीचा हिशेबही तसाच मांडून पाहू.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. डिवचल्याशिवाय समाज हलत नाही. कारखान्याच्या दारावर ‘आमच्या रास्त मागण्यांचा सहानुभूतीने विचार व्हावा’ असे हँडबिल वाटले, तर ते त्याच दारात पायाखाली पडते. ‘आपला बोनस कुठे मुरला?’ असे वर ठळक छापले, तर पहिल्या पाळीचा माणूस डबा काखेत धरून उभ्याउभ्या वाचतो, आणि वाचून झाल्यावर शेजाऱ्याला देतो. तेव्हा मथळा झणझणीत असणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. खाली जो मजकूर आहे त्यात बोनसचे आकडे आहेत की नुसतीच शिवी आहे? आणि उद्या त्या हँडबिलापायी कोणाला चार्जशीट मिळाली, तर ते लिहिणारा त्याच्या शेजारी उभा राहणार आहे की नाही?

ह्या धंद्याचा सर्वांत ठळक नमुना पाहायचा तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या न्यूयॉर्क शहरात जावे लागेल. १८८३ साली जोसेफ पुलित्झर ह्या हंगेरीतून आलेल्या गृहस्थाने तेथील ‘वर्ल्ड’ हे तोट्यातले वर्तमानपत्र विकत घेतले आणि काही वर्षांतच त्याचा खप लाखांवर नेला. त्याने गोरगरिबांना, परदेशातून आलेल्या मजुरांना समजेल अशी सोपी भाषा वापरली, मोठी चित्रे घातली, गुन्ह्यांच्या आणि लफड्यांच्या बातम्या दिल्या. पण त्याचबरोबर काही भरीव कामही केले. १८८७ साली त्याच्या पत्राची बातमीदार नेली ब्लाय हिने वेडाचे सोंग घेतले आणि शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस काढून तेथील हाल चव्हाट्यावर मांडले. त्या लेखांनी शहर हादरले आणि त्या इस्पितळांसाठी जास्त पैसा मंजूर झाला. ही चिथावणीच होती. पण तिच्यामागे दहा दिवसांचे भोग होते आणि डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता.

१८९५ साली विल्यम रँडॉल्फ हर्स्ट हा खाणमालकाचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोहून आला आणि त्याने ‘जर्नल’ हे पत्र विकत घेतले. अंकाची किंमत ठेवली एक सेंट. पुलित्झरची माणसे जास्त पगार देऊन त्याने पळवली. पुढच्या वर्षी पुलित्झरलाही आपली किंमत दोन सेंटांवरून एकावर आणावी लागली. पिवळा झगा घातलेल्या एका पोराचे व्यंगचित्र दोन्ही पत्रांत एकाच वेळी येऊ लागले, आणि ह्या चढाओढीला ‘पीत पत्रकारिता’ असे नाव पडले.

आता ह्या धंद्याची यंत्रणा नीट समजून घेऊ. पहिली गोष्ट म्हणजे एका सेंटात अंकाचा खर्च भागत नाही. तो भागतो जाहिरातींतून, आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते वाचकांच्या संख्येकडे पाहून. म्हणजे आपण अंक विकत घेतो असे वाचकाला वाटते खरे, पण जाहिरातदाराच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून त्याचीच मोजदाद झालेली असते. मग वाचक शहाणा होऊन गेला की संतापून गेला, ह्याने हिशेबात काही फरक पडत नाही. तो रोज आला म्हणजे झाले.

दुसरी गोष्ट अशी की राग हा रोज आणता येतो. ज्ञान रोज नवे मिळवायचे तर माणसे पाठवावी लागतात, दप्तरे चाळावी लागतात, चार ठिकाणी खात्री करून घ्यावी लागते. रागाला एक शत्रू पुरतो. तो एकदा ठरवून दिला की रोज त्याची एक नवी आगळीक दाखवायची, आणि नसली तर जुनीच फुगवायची.

तिसरी गोष्ट सर्वांत मजेची आहे. विरोधकांनी केलेली निंदा ही ह्या धंद्यातली फुकटची जाहिरात असते. प्रतिष्ठित पत्रांनी हर्स्टवर कोरडे ओढले. १८९७ साली काही वाचनालयांनी आणि क्लबांनी ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल’ आपल्या टेबलांवरून काढून टाकले. ‘पिवळे’ हे नावही एका विरोधी पत्रानेच शिवी म्हणून रूढ केले होते. हर्स्टच्या पत्राने ते बिरुदासारखे मिरवले. ज्याने कधी ‘जर्नल’ हातात धरले नव्हते, त्यालाही त्यात एवढे आहे तरी काय, हे पाहावेसे वाटू लागले. सज्जन माणूस संतापून उत्तर देतो तेव्हा त्याला वाटते, आपण आग विझवतो आहोत. पुष्कळदा तो तिला वाराच घालीत असतो.

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. २५० हून अधिक खलाशी मेले. क्यूबात तेव्हा स्पेनची सत्ता होती आणि तेथील जनतेचे बंड चालू होते. स्फोट कशाने झाला हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण ‘जर्नल’ला चौकशीपर्यंत थांबायचे नव्हते. हे शत्रूचे कृत्य आहे असे त्याने दोन दिवसांत छापले आणि अपराधी शोधून देणाऱ्याला ५०,००० डॉलरचे बक्षीस लावले. दोन्ही पत्रांचा खप रोजी दहा लाखांच्या पलीकडे गेला. एप्रिलमध्ये युद्ध पेटले. पुढे १९७६ साली अमेरिकन नौदलाचे ॲडमिरल रिकोव्हर ह्यांनी सर्व पुरावा पुन्हा तपासला आणि स्फोट बहुधा जहाजाच्या आतच, कोळशाच्या कोठारातल्या आगीमुळे झाला असावा, असा निष्कर्ष काढला.

येथे थोडे सावध बोलले पाहिजे. ‘तुम्ही चित्रे पुरवा, युद्ध मी पुरवतो’ अशी तार हर्स्टने आपल्या चित्रकाराला केली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. पण ती तार कोणाला सापडलेली नाही आणि अभ्यासक तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. दोन वर्तमानपत्रांनी मिळून युद्ध घडवले असेही म्हणता येत नाही. युद्धामागे राज्यकर्त्यांची आणि व्यापाराची स्वतंत्र कारणे होती. ही गंमत ध्यानात ठेवा : पीत पत्रकारितेविरुद्ध सांगितली जाणारी सर्वांत लोकप्रिय गोष्ट स्वतःच पिवळी आहे! आपल्या बाजूची चिथावणीही तपासून घ्यावी लागते ती अशी.

ह्या धंद्याचा खर्च कोणी भरला? रणांगणावर गेलेल्या शिपायांनी भरला. त्या युद्धात अमेरिकेची जी माणसे मेली, त्यांतली लढाईत थोडी आणि छावण्यांतल्या रोगराईने कितीतरी अधिक मेली. पण आणखी एक खर्च होता. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा थोडी मिळते; मला मात्र तो फार बोलका वाटतो.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ही पत्रे विकीत ती गरिबांची पोरे. बहुतेक परदेशातून आलेल्या मजुरांची मुले; कित्येकांना घरच नव्हते. शंभर अंकांचा गठ्ठा ५० सेंटांना घ्यायचा, एकेक अंक एका सेंटाला विकायचा. शंभरामागे ५० सेंट सुटायचे. न खपलेले अंक मालक परत घेत नसे, तो तोटा पोराचा. युद्धाच्या धामधुमीत मालकांनी गठ्ठ्याची किंमत ६० सेंट केली. शंभरामागची कमाई ५० वरून ४० वर आली, म्हणजे पाचवा हिस्सा कापला गेला. रोज नवी लढाई, रोज नवा मथळा. खप भरपूर होता म्हणून पोरांनी ते सोसले. ऑगस्ट १८९८ मध्ये लढाई थांबली. मथळे थंडावले, अंक उरू लागले. इतर पत्रांनी किंमत पुन्हा उतरवली. पण गरिबांचे कैवारी म्हणवणाऱ्या ‘वर्ल्ड’ने आणि ‘जर्नल’ने ती उतरवली नाही.

जुलै १८९९ मध्ये पोरांनी संप केला. ती दोन पत्रे उचलायचीच नाहीत, असा त्यांनी निर्धार केला. ब्रुकलिनच्या पुलावर त्यांनी रहदारी अडवली, हजारोंची सभा भरवली. काही ठिकाणी फुटीर विक्रेत्यांना मारहाण झाली, अंक फाडले गेले; ती बाजू मी झाकून ठेवीत नाही. ‘वर्ल्ड’चा खप निम्म्याखाली घसरला. दोन आठवड्यांनी तडजोड झाली. किंमत ६० सेंटच राहिली. पण न खपलेले अंक मालकांनी परत घ्यायचे ठरले.

ह्या तडजोडीचा अर्थ मी असा लावतो. मथळा ठरवणार मालक. तो चालला तर नफा मालकाचा. चालला नाही तर तोटा पोराचा, ही वाटणी त्या मुलांनी मोडली. ज्याने माल तापवला, त्यानेच थंड झालेला माल परत घ्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. चिथावणीच्या हिशेबाचे ह्याहून सोपे सूत्र मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही.

हे सूत्र घेऊन आपल्याकडे पाहू. टिळक आणि आगरकर ह्यांच्या ‘केसरी’ने १८८१ मध्ये सुरू झाल्यानंतर लवकरच कोल्हापूरचे दिवाण बर्वे ह्यांच्यावर घणाघाती लेख लिहिले. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरीही १८८२ साली शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. चूक झाली ती झालीच; पण तिची किंमत दोघा संपादकांनी स्वतः मोजली, अंक विकणाऱ्या पोऱ्यावर ढकलली नाही. पुढे १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. त्याच्याइतके डिवचणारे पत्र त्या काळी दुसरे क्वचितच असेल. पण त्यांनी डिवचले ते आपल्याच घरादाराला, आपल्याच जातीला, ज्यांच्या शेजारी रोज राहायचे त्या माणसांना. बदल्यात मिळाले काय? पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. १८९५ मध्ये, चाळिशीही पुरती गाठण्यापूर्वी ते गेले.

हर्स्टही डिवचणारा आणि आगरकरही डिवचणारे. एकाने दूरचा शत्रू दाखवून वाचकाला तो स्वतः निर्दोष असल्याचे समाधान विकले. दुसऱ्यांनी वाचकाचेच दोष त्याच्यापुढे ठेवले. पहिल्याचे लिखाण वाचून काही करावे लागत नाही, फक्त उद्याचा अंक घ्यावा लागतो. दुसऱ्याचे वाचून घरातल्या विधवा मुलीकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते.

आज ही चढाओढ कागदावरून खिशातल्या मोबाइलवर आली आहे, तत्त्व तेच. २०१७ साली फेसबुकने आपल्या यंत्रणेत प्रेम, हसू, राग ह्या चिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले होते. ज्या मजकुराला रागाची चिन्हे फार, तो खोटा किंवा विखारी असण्याचा संभव अधिक, असे कंपनीच्याच तज्ज्ञांना पुढे आढळले. २०२० मध्ये रागाचे वजन शून्यावर आणावे लागले. हे २०२१ साली बाहेर आलेल्या कंपनीच्या कागदपत्रांवरून कळले. आणि ह्या बाजारात गठ्ठा घेऊन दारोदार फिरणारा पोऱ्या कोण? आपणच! आलेला मजकूर पुढे ढकलतो तो आपण, आणि शंभरामागे ४० सेंट तर सोडाच, एक छदामही घेत नाही. वर शेजाऱ्याशी भांडण होते ते आपले, गल्लीत दगड पडतो तो आपल्या दारावर.

म्हणून एखादे लिखाण वाचून रक्त तापले की तीन प्रश्न विचारावेत. लिहिणाऱ्याने नाव घातले आहे काय आणि त्याच्या अंगावर काही येणार आहे काय? राग निवल्यावर हातात एखादा आकडा, एखादा पुरावा, करण्याजोगे एखादे काम उरते काय? आणि ह्यापायी उद्या ज्याच्या घरावर संकट येईल, तो त्या लिहिणाऱ्याच्या ओळखीचा तरी आहे काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर ते लिखाण कितीही झोंबो, जरूर वाचा, दुसऱ्यालाही द्या. ‘नाही’ असतील तर त्याला उत्तर देत बसू नका, शिव्याही घालू नका. त्यावरच तर तो जगतो. त्याचा गठ्ठा उचलू नका. न्यूयॉर्कच्या अनवाणी पोरांना जे जमले ते आपल्याला न जमण्याचे कारण मला दिसत नाही.