नापास झालेलं मूल घरी येतं तेव्हा

निकालाच्या दिवशी पेढ्यांच्या दुकानात ही गर्दी! शेजारच्या वहिनी हसतमुखानं पुडा घेऊन दारात येतात आणि नेमका तेव्हाच आपला मुलगा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. कोणत्या तोंडानं घ्यायचा तो पेढा? मैत्रिणींनो, हा प्रसंग माझ्यावर येऊन गेलाय, म्हणून चार शब्द सांगते.

माझा धाकटा दहावीला गणितात गेला. १०० पैकी २७ गुण. पास व्हायला हवे होते ३५. "तुझ्यापायी चारचौघांत तोंड दाखवायची सोय उरली नाही," असं मी रागाच्या भरात बोलून गेले. तो एक अक्षर बोलला नाही. चपला घातल्या आणि निघून गेला. रात्री नऊला ह्यांना तो एस.टी. स्टँडवर बाकावर बसलेला सापडला. मधले पाच तास कसे गेले, ते माझं मला ठाऊक!

तेव्हा पहिली गोष्ट ही, की त्या दिवशी उपदेश नको आणि ताईशी-दादाशी तुलना तर मुळीच नको. ताट वाढा, जवळ बसा. नातेवाइकांचे फोन आपणच घ्या. "गणित राहिलंय, जुलैत देतोय," एवढं एकच वाक्य सगळ्यांना सांगा. मूल जेवेनासं, झोपेनासं झालं, "मी नसलेलाच बरा" असं काही बोलू लागलं, तर त्याला नाटक समजू नका. एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

दुसरं म्हणजे, नीट माहिती काढा. पूर्वी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. २०१५ पासून राज्य मंडळ दहावीची पुरवणी परीक्षा पावसाळ्याच्या तोंडाशीच, जून-जुलैत घेऊ लागलं. सुटलेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, राहिलेलेच द्यायचे. एक-दोन विषयच राहिले असतील तर एटीकेटीची सवलत मिळते, अकरावीचा प्रवेश अडत नाही. आयटीआयमधले वायरमन, वेल्डर असे काही अभ्यासक्रमही दहावी नापास मुलांना खुले असतात. म्हणजे दारं बंद झालेली नसतात. आपणच घाबरून ती पाहत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मूल कुठे चुकलं ते शोधा. "अभ्यासच केला नाहीस!" हे काही उत्तर नव्हे. मंडळाकडे अर्ज केला, की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. मुदत थोडी असते, तेव्हा शाळेत लगेच चौकशी करा. आम्ही ती मागवली आणि डोळेच उघडले. भूमितीतलं पाठ केलेलं एक प्रमेय मध्येच विसरलं, ते आठवण्यात वेळ गेला आणि शेवटचे प्रश्न कोरेच राहिले. बीजगणितात रीत बरोबर होती, पण उणे चिन्हांचा घोळ झाला होता. म्हणजे पोराला गणित येत नव्हतं असं नाही, पेपर सोडवता येत नव्हता.

मग आम्ही रोज सकाळी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवायचं ठरवलं. आधी येणारे प्रश्न, अडलं की पुढे. प्रमेय पाठ न करता आकृती काढून मला समजावून सांगायचं. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. मला कळलं नाही, की त्यालाही ते नीट कळलेलं नाही, हे आमचं गणित! चुकलेली उदाहरणं एका वेगळ्या वहीत लिहायची आणि रविवारी पुन्हा सोडवायची. संध्याकाळी मात्र तासभर खेळायला सोडायचे. नापास झाला म्हणून क्रिकेट बंद, ही शिक्षा कशाला?

पुरवणी परीक्षेत त्याला ४६ गुण मिळाले. फार नव्हेत. पण चुकलेलं पाहायची त्याची भीती गेली. पुढे अकरावीत चाचणीचा पेपर हाती आला, की तो आधी लाल शाईच्या खुणा वाचायचा.

आणि हो, त्या दिवशी शेजारच्या वहिनींकडे पेढे घेऊन तो स्वतःच गेला.