करारातील क्रमांक : हजिऱ्याचा माल आणि युरोपचे विनियम

तापीमुखाजवळील सुवाळीच्या किनाऱ्यावर सतराव्या शतकात इंग्रजांची जहाजे नांगर टाकीत, आणि सुरतेचे सावकार वीरजी व्होरा त्या कंपनीशी मिऱ्यांचा व्यापार करीत, तिला कर्जही देत. त्याच सुवाळीच्या शेजारी आज हजीरा हे पोलाद, खते व रसायने यांचे मोठे केंद्र उभे आहे. युरोपचा ग्राहक आजही आहे. परंतु त्याच्या अटी आता पुष्कळदा करारपत्रात केवळ एका क्रमांकाच्या रूपाने येतात. तो क्रमांक कसा वाचावा, हे सभासद बंधुभगिनींसमोर मांडण्याचा आमचा हेतू आहे.

उदाहरणार्थ, 'विनियम (ईयू) २०२३/९५६' घ्या. यात प्रथम कायद्याचा प्रकार, मग संघाचे संक्षिप्त नाव, मग वर्ष, आणि शेवटी त्या वर्षातील अनुक्रमांक येतो. हा विनियम १० मे २०२३ चा असून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी मालाच्या उत्पादनात बाहेर पडणाऱ्या कार्बनवर युरोपच्या सीमेवर आकार बसवितो. २०१५ पूर्वीच्या विनियमांत मात्र अनुक्रमांक आधी व वर्ष नंतर असे. रसायनांविषयीचा प्रसिद्ध 'रीच' विनियम '(ईसी) क्रमांक १९०७/२००६' असा लिहितात, तो याच कारणाने. कापड व रंग यांच्या व्यापाऱ्यांस तो परिचित असेल.

'विनियम' आणि 'निर्देश' यांत भेद आहे. विनियम सर्व सदस्य राष्ट्रांत थेट लागू होतो. निर्देशासाठी प्रत्येक राष्ट्रास स्वतःचा कायदा करावा लागतो. म्हणून करारात निर्देशाचा उल्लेख असल्यास कोणत्या राष्ट्राचा कायदा अभिप्रेत आहे, हेही विचारावे.

कोणी म्हणेल, युरोपचा कायदा हजिऱ्यातील विक्रेत्यास कसा बांधील? कायदा म्हणून तो सामान्यतः युरोपातील आयातदारास बांधतो. परंतु 'विक्रेता अमुक विनियमाचे पालन करील' या वाक्याखाली सही झाली की ते आपले वचन होते, आणि वचनभंगाची भरपाई आपल्याकडे मागितली जाते.

खरी मेख पुढेच आहे. समजा, एखाद्या सभासदाने २०२३ च्या अखेरीस पोलादी बोल्टांचा तीन वर्षांचा करार केला व त्यात केवळ '२०२३/१७७३' या विनियमाचा निर्देश केला. तो विनियम ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच्या संक्रमणकाळातील अहवालांपुरता होता. १ जानेवारी २०२६ पासून आयात होणाऱ्या मालासाठी आयातदारास प्रमाणपत्रे विकत घेणे भाग आहे. तो खर्च कोणी सोसावा, यावर करार मूक राहतो, आणि मौनातून तंटा उद्भवतो.

याउलट 'वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे' हे दोन शब्द घातले, तर पुढील प्रत्येक बदल न वाचताच मान्य केल्यासारखे होते. बदल नेहमी प्रतिकूलच असतो असे नाही. २०२५ च्या '२०२५/२०८३' या सुधारणेने पोलाद इत्यादी माल वर्षाला ५० टनांपेक्षा अधिक न आणणाऱ्या आयातदारास मोकळीक दिली. 'रीच'मधील चिंताजनक पदार्थांची यादी मात्र वाढतच जाते. आज निर्धोक मानलेला पदार्थ उद्या तीत येऊ शकतो.

म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. विनियमाचा क्रमांक व दिनांक पूर्ण लिहिला आहे काय? तो सहीच्या दिवशी होता तसाच लागू, की पुढील सुधारणांसह? सुधारणेमुळे वाढलेला खर्च कोणाचा? आणि मागितलेली माहिती, जसे कारखान्यातील कार्बनचे मोजमाप, आपण खरोखर देऊ शकतो काय? आकडे दिले नाहीत तर युरोपात ठरावीक, बहुधा चढे आकडे धरले जातात, आणि तो भार भावात आपल्याच माथी येतो.

विनियमाची मूळ प्रत युरोपीय संघाच्या राजपत्रात विनामूल्य वाचावयास मिळते. ती काढून, जाणकार वकिलासमवेत एकदा डोळ्यांखालून घालावी. पूर्वजांनी परक्या वजनमापांची पारख केल्यावाचून माल तोलला नाही. आपणही परक्या क्रमांकाची पारख केल्यावाचून लेखणी उचलू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.