परकी भांडवल आणि कराराचा शब्द

परकी गुंतवणुकीचा आंतरराष्ट्रीय कायदा, आणि तोही पदव्युत्तर परीक्षेचा विषय म्हणून! आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल, की याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो विजेच्या बिलाइतका जवळचा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात दाभोळचा वीजप्रकल्प उभा राहिला, तो एन्‌रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकन कंपन्यांच्या पुढाकाराने. १९९३ साली वीजखरेदीचा करार झाला. १९९५ साली राज्यात सत्तांतर होऊन प्रकल्प रद्द झाला. फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा सुरू झाला आणि २००१ साली वीज मंडळाने ती महागडी वीज घेणे थांबविले. त्याच वर्षाच्या अखेरीस एन्‌रॉनचेही दिवाळे निघाले. या प्रकरणाचा राजकीय खल आपण पुष्कळ ऐकला. परंतु पुढे जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी भारत सरकारकडे दाद मागितली, ती कशाच्या आधारे? अमेरिकेशी झालेल्या कराराच्या आधारे नव्हे. भारत आणि मॉरिशस यांच्यामधील १९९८ च्या कराराच्या आधारे! त्यांचे भांडवल मॉरिशसमधील कंपन्यांच्या मार्फत आले होते. २००५ साली तडजोड होऊन हे भांडण मिटले. परंतु कोकणातल्या एका प्रकल्पाचा वाद हिंदी महासागरातल्या एका बेटाशी झालेल्या कराराकडे जातो, तो कसा, हे समजावयाचे असेल तर हा कायदा वाचावा लागतो.

या कायद्याचे मूळ एका जुन्या प्रश्नात आहे. परदेशी माणसाने आपल्या देशात कारखाना काढला आणि सरकारने तो ताब्यात घेतला किंवा बुडविला, तर त्याने न्याय कोणाकडे मागावा? अर्जेंटिनाचे विधिज्ञ कार्लोस काल्व्हो यांनी एकोणिसाव्या शतकात उत्तर दिले, की त्याने त्या देशाच्या न्यायालयांतच जावे. देशी माणसाला जे मिळते त्याहून अधिक त्याला मिळू नये. भांडवल पुरविणाऱ्या देशांना हे मान्य नव्हते. भरपाई तत्काळ, पुरेशी आणि हाती पडेल अशी मिळालीच पाहिजे, असा आग्रह अमेरिकेने १९३८ साली मेक्सिकोपाशी धरला. नवस्वतंत्र राष्ट्रे पुढे आली, तेव्हा आपल्या नैसर्गिक संपत्तीवर आपलीच सत्ता, असे त्यांनी १९६२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या ठरावाने जगाला सांगितले. तथापि त्याच ठरावात योग्य भरपाईचे तत्त्वही मान्य झाले.

तत्त्वाचा वाद मिटेना, म्हणून देशांनी दोघादोघांत करार करण्याचा मार्ग धरला. असा पहिला करार १९५९ साली पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात झाला. पुढे वॉशिंग्टन येथे १९६५ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये जागतिक बँकेच्या छायेखाली अशा तंट्यांसाठी एक स्वतंत्र केंद्र निघाले. भारत त्याचा सभासद झाला नाही. परंतु १९९४ साली ब्रिटनशी करार करून आपणही या मार्गावर आलो आणि मग करारांची रीघच लागली. या करारांतली विशेष गोष्ट अशी, की खाजगी कंपनी सार्वभौम राष्ट्राला थेट लवादापुढे उभे करू शकते. एरवी आंतरराष्ट्रीय कायद्यात राष्ट्राशी राष्ट्रानेच भांडावयाचे असते.

आता या विषयाचा अभ्यास कसा करतात ते पाहू. कायद्याची पदवी झाल्यावर एक-दोन वर्षांचा हा अभ्यास. जिनिव्हा, लायडन, लंडन येथे तो होतो, तसाच आपल्याकडील राष्ट्रीय विधि विद्यापीठांतही होतो. येथे कलमे पाठ करून भागत नाही. विद्यार्थ्यापुढे करार आणि निवाडा शेजारी शेजारी ठेवतात आणि विचारतात : हा निवाडा या शब्दांतून निघतो काय?

एक उदाहरण घेऊ. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८९ साली कोल इंडियाशी करार करून, तेव्हा बिहारात आणि आज झारखंडात असलेल्या पिपरवार येथील कोळशाच्या खाणीचे काम घेतले. पैशांवरून वाद झाला. व्यापारी लवादाने २००२ साली कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. रक्कम सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. कंपनी वसुलीसाठी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली, कोल इंडिया निवाडा रद्द करून घेण्यासाठी कलकत्त्याच्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि तेथे पडून राहिले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण त्या ऑस्ट्रेलियन मंडळींना तोपर्यंत कळली असेल! २०१० साली त्यांनी भारत-ऑस्ट्रेलिया कराराखाली खुद्द भारताविरुद्धच लवाद मागितला.

येथे विद्यार्थ्याने लक्षपूर्वक वाचावे. न्याय नाकारला, ही कंपनीची तक्रार लवादाने मान्य केली नाही. भारतासारख्या मोठ्या, विकसनशील देशातील न्यायालयांवरील भार त्याने ध्यानात घेतला. तरीही २०११ साली भारत हरला. का? ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात असे वचन होते, की अन्य कोणत्याही देशाच्या गुंतवणूकदाराला जी वागणूक मिळेल, तिच्याहून कमी वागणूक ऑस्ट्रेलियाच्या गुंतवणूकदाराला मिळणार नाही. आणि कुवेतशी झालेल्या करारात आपण लिहून दिले होते, की हक्क बजावण्याची परिणामकारक साधने आम्ही उपलब्ध करून देऊ. लवादाने कुवेतच्या करारातले हे वचन उचलून ऑस्ट्रेलियन कंपनीच्या पदरात घातले. एका घरी दिलेला शब्द दुसऱ्या घरी पाळावा लागला, आणि तो शब्द देताना त्याचा हा परिणाम बहुधा कोणाच्या ध्यानात आला नसावा.

या निवाड्यानंतर, आणि व्होडाफोनसारख्या कंपन्यांनी पूर्वलक्षी कराविरुद्ध मागितलेल्या लवादांनंतर, भारताने नवा नमुना करार तयार केला. २०१६ च्या या नमुन्यात ते दुसऱ्या घरचे वचन नाही. कर आकारणी लवादाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. आणि लवादाकडे जाण्यापूर्वी किमान पाच वर्षे देशी न्यायालयांत प्रयत्न करण्याची अट आहे. जुने बहुतेक करार संपविण्याच्या नोटिसाही भारताने दिल्या. परंतु २०२४ साली संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात ही पाच वर्षे तीनवर आली. कारण उघड आहे. आता भारतीय भांडवलही परदेशी जाते. उद्या एखाद्या भारतीय कारखानदाराचा परदेशातील कारखाना तेथील सरकारने ताब्यात घेतला, तर आपणही हाच कायदा हाती घेऊन उभे राहणार. ढाल कोणाच्या हाती द्यावयाची, हे ठरविताना आपण दोन्ही बाजूंना उभे आहोत.

म्हणून या अभ्यासात एका पक्षाची वकिली शिकून चालत नाही. अर्जेंटिनात २००१ साली आर्थिक अरिष्ट आले आणि वायुपुरवठ्याच्या दरांबाबत परकी कंपन्यांना दिलेला शब्द सरकारने मोडला. दोन कंपन्यांनी अमेरिकेशी झालेल्या एकाच कराराखाली दाद मागितली. २००५ साली एका लवादाने सांगितले, की राष्ट्रावरील संकटाचा बचाव येथे चालणार नाही. २००६ साली दुसऱ्या लवादाने तोच बचाव ठराविक काळापुरता मान्य केला. करार तोच, अरिष्ट तेच, निवाडे विरुद्ध! नवा विद्यार्थी येथे गोंधळतो. चांगला विद्यार्थी येथून खरा अभ्यास सुरू करतो.

आपण म्हणाल, हे सारे वकिलांनी पाहावे. खरे आहे, पण लवादात सरकार हरले, की भरपाई जाते ती तुमच्याआमच्या करांतून. करारावर सही होते त्या दिवशी सभागृहात फारशी गर्दी नसते. बिल येते तेव्हा मात्र सारा गाव जमतो. या गावातील चार मुलामुलींनी हा कठीण विषय घेतला, सहीपूर्वी करार वाचावयास ती बसली, आणि कुवेतला दिलेला शब्द ऑस्ट्रेलियाच्या कामी येईल, एवढे जरी त्यांनी वेळेवर सांगितले, तरी त्यांच्या शिक्षणाचा खर्च देशाला अनेक पटींनी परत मिळेल.