बर काढणारा ट्रेनी

पत्र्याच्या शेडमध्ये चार सीएनसी मशीन चालू आहेत. कूलंटचा तेलकट वास दारापर्यंत येतोय. मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला शिकवतो आणि पोरांचं ट्रेनिंग कसं चाललंय ते पाहायला चितेगावला आलोय. माझा विद्यार्थी मात्र एकाही मशीनजवळ दिसत नाही.

तो मागच्या कोपऱ्यात सापडतो. उलट्या क्रेटवर बसून कानशीने जॉबच्या कडेची धारदार बर काढतोय. डावीकडे ढीग, उजवीकडे ढीग. मला पाहून उठतो, हात पँटला पुसतो. पेरांवरच्या बारीक चिरांत काळं तेल बसलंय.

"रोज हेच?"

"हो सर. नाहीतर पॅकिंग. गाडी लागली की लोडिंग."

बर काढणं हलकं काम नाही. धार राहिली तर पुढे असेंब्लीत जॉब बसत नाही, हात कापतो. पण ते दोन दिवसांत येतं. तंत्रनिकेतनाच्या २०१७ च्या अभ्यासक्रमात, आय-स्कीममध्ये, हे ट्रेनिंग सहा आठवड्यांचं होतं, २०२३ च्या के-स्कीमने ते बारा आठवड्यांचं केलं. मुलांना खरा कारखाना दिसावा म्हणूनच हा काळ वाढला. ते बारा आठवडे इथे कानशीखाली चाललेत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली नोंद झालेल्याला निदान स्टायपेंड मिळतो. माझ्या विद्यार्थ्याची तशी नोंद नाही, शहरातल्या महानुभाव आश्रम चौकातून इथवरचं रिक्षाभाडंही घरचंच.

लॉगबुक मागतो. 'सीएनसी टर्निंगचा अभ्यास केला.' 'टूल सेटिंगची माहिती घेतली.' पानामागून पान, खाली सही-शिक्का.

"कुणी दाखवलं टूल सेटिंग?"

तो मान खाली घालतो. "मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलं, सर. दुसरं काय लिहू?"

मला त्याचा राग येत नाही. ज्याने न वाचता सही केली त्याचा येतो.

त्याचे वडील याच गावात व्हिडिओकॉनमध्ये होते. हेल्पर म्हणून लागले, लाईनवरच्या जुन्या माणसांनी शिकवलं, म्हणून टेस्टिंगपर्यंत पोहोचले. २०१८ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. आता याच रस्त्यावर पुढे बिडकीनला नव्या औद्योगिक वसाहतीची जाहिरात होतेय आणि घरच्यांचा जीव त्याकडे लागलाय. तिथे मुलाखतीत विचारतील, मशीनवर काय केलंस?

सुपरवायझर चहा मागवतो. माणूस वाईट नाही. "सर, हात गेला तर जबाबदारी कुणाची? आणि एक मशीन तासभर थांबलं तर माझं टार्गेट कोण भरणार?"

पहिला प्रश्न खरा आहे, आणि तो आमच्या संस्थेनेही सोडवायला हवा. दुसऱ्याचं उत्तर मात्र समोरच घडतंय. चहाच्या सुट्टीत ऑपरेटर पोराला हाक मारतो, "ये रे इकडं." मायक्रोमीटर त्याच्या हातात देतो. व्यास २५.०४ येतो. "इन्सर्ट झिजली की जॉब मोठा निघतो. आता काय करायचं?" पोरगं क्षणभर थांबतं. "एक्सला मायनस, ०.०४?" ऑपरेटर पॅनलवर ऑफसेट टाकतो, मशीन चालू करतो. पुढचा जॉब २५.०० निघतो. पोरगं तो पुन्हा मोजतं, मग आणखी एकदा.

मशीन कुठे थांबलं? पाच मिनिटंही गेली नसतील.

"रोज एवढंच करा," मी सुपरवायझरला म्हणतो. "बटणाला हात लावू देऊ नका, पण माप घेऊ द्या, कारण सांगा. आणि लॉगबुकात जे झालं तेच लिहू द्या. बर काढली तर बर काढली."

"बघतो सर. आज डिस्पॅच आहे," तो म्हणतो आणि पोराकडे वळतो. "चल रे, तेवढा ढीग उरक."

मी ट्रेनिंगच्या फॉर्मवर शेरा लिहायला बसतो: 'विद्यार्थ्यास मशीनवरील काम दाखवले जात नाही.' सुपरवायझर तो वाचतो. या वेळी सही करायला पेन उचलत नाही.