शेवटचे दीड लाख लावायचे की थांबायचं?

आज माझ्याच दुकानाचा एक फसलेला डाव सांगतो.

गोष्ट मे २०१८ ची. आपल्या गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे दुकानदाराची दिवाळी. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक गोणी; त्या गोणीला लिलावात काय भाव लागला त्यावर आपल्या गिऱ्हाईकाचा खिसा ठरतो. २०१७ ला भाव जोरात होता. छत्र्या, ताडपत्र्या, सगळं खपलं. म्हणून पुढच्या एप्रिलमध्येच मी दोन लाखांचा माल भरला. मे संपता संपता नागपूरच्या व्यापाऱ्याचा फोन: "अजून दीड लाखाचा माल उचला, रोखीत स्वस्त लावतो." माझ्याकडे नेमके तेवढेच उरले होते. मनात काय आलं माहितीये? "दोन लाख घातलेच आहेत, आता मागे कशाला हटायचं!" उचलला.

पोकरवाला असा विचार करत नाही. (पैसे लावून खेळा असं मी म्हणत नाहीये, छापा पडेल! आपल्याला फक्त हिशेब घ्यायचाय.) समजा डावात ३,००० आहेत आणि समोरच्याने १,००० लावले. तुम्ही तुमचे शेवटचे १,००० टाकले की डाव ५,००० चा. म्हणजे पाचात एकदा जिंकलात तर बरोबरी. एकच पान उघडायचं राहिलंय, न दिसलेली पानं ४६, त्यात तुमच्या कामाची ९. पाचात एकापेक्षा जरा कमीच! तो पत्ते ठेवून देतो. आधी स्वतःच्या खिशातून किती गेले हे तो वेगळं मोजतच नाही. ते आता डावाचे झाले.

आता माझा हिशेब लावा. दीड लाखाचा माल खपला तर फायदा ३०,०००. पडून राहिला तर मोडीत काढून तोटा ४५,०००. म्हणजे दहापैकी सहा वेळा खपायची खात्री हवी, तेव्हा कुठे बरोबरी. मला होती का? मी विचारलंच नव्हतं.

उशिरा निर्णय घेण्याचा एकच फायदा असतो, बहुतेक पानं उघडलेली असतात. जुलै २०१७ पासून तेंदूपानावर १८ आणि बिडीवर २८ टक्के जीएसटी लागला होता. २०१८ च्या लिलावात भाव पडले होते. फळीवर एक चक्कर मारली असती, तर कोणीही सांगितलं असतं.

आणखी एक. पोकरमध्ये ऑल-इन केल्यावर समोरचा घाबरून पत्ते टाकू शकतो. दुकानात समोर कोण बसलंय? पाऊस आणि गिऱ्हाईक. ते कशाला घाबरतात!

जूनमध्ये एका बाईंनी ताडपत्री उलगडून पाहिली, नीट घडी घातली, परत ठेवली. "पत्त्याचे पैसे आलेच नाई जी, भाऊ." पोळ्यापर्यंत दुकानाचं भाडं थकलं, आईच्या पाटल्या गहाण गेल्या. दोन लाखांचा माल अडकला असता तरी दुकान चाललं असतं. शेवटच्या दीड लाखाने गळा आवळला.

आता मे अखेरीस मी दोन-तीन गावांत जाऊन बसतो. गोण्या किती भरल्या, मजुरी हातात पडली का, एवढंच विचारतो. गेल्या हंगामात त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. मी चाळीस हजारांचाच माल सांगितला.

"काय भाऊ, घाबरलात का?"

म्हटलं, हो.